पहिलीचं अर्धं वर्ष संपलं, आता शैक्षणिक धोरणाबद्दल बोलूया

पाटीपेन्सिल | रविवार, २६ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४०

दिवाळीची सुट्टी चालू आहे. मुलांच्या प्रगतिपत्रकांचा गठ्ठा घरी आणलाय आणि दोन दिवस तो काही संपत नाहीये. म्हणून हा धागा.

मी पुण्यात महापालिकेच्या मराठी शाळेत पहिलीला शिकवते. नोकरीला सतरा वर्षं झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० ला मंजूर केलं, पण आपल्या राज्यातल्या शाळेत पुस्तकाच्या रूपाने ते आलं या जूनमध्ये. यंदा फक्त पहिली. पुढच्या वर्षी दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी. २०२७-२८ ला पाचवी, सातवी, नववी, अकरावी आणि २०२८-२९ ला आठवी, दहावी, बारावी. म्हणजे सगळ्यात आधी हा घास आम्हा पहिलीवाल्यांच्या ताटात पडला. त्यामुळे अनुभव सांगणं माझं काम आहे असं मला वाटतं.

मी धोरणाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. तीन ते आठ वर्षांचा काळ एकसंध मानायचा, मुलाला आधी भरपूर बोलू द्यायचं, हाताळू द्यायचं, मग अक्षराकडे न्यायचं, हे मला फार वर्षं हवं होतं. जूनमधली घोकंपट्टी मी स्वतः करून घेतलीय आणि त्यात रडणारी मुलंही पाहिलीत.

एक प्रसंग सांगते. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. आईवडील बांधकामावर, मूळचे यादगीरकडचे. घरी कन्नड. जूनचे पहिले तीन आठवडे ती एक शब्द बोलली नाही. विद्याप्रवेशच्या, म्हणजे पहिलीच्या सुरुवातीच्या तयारीच्या, खेळात मी माठाचं चित्र दाखवलं आणि "यात काय असतं?" विचारलं. ती पहिल्यांदा बोलली, "नीरु." वर्ग हसला. मी फळ्यावर माठ काढला, एका बाजूला "पाणी" आणि दुसऱ्या बाजूला "नीरु" लिहिलं, आणि सगळ्यांकडून दोन्ही म्हणवून घेतले. मग मुलांनीच शोध लावला की ती मोठ्या बहिणीला "अक्का" म्हणते आणि आपल्यातही काही जण म्हणतात. त्या दिवसापासून ती बोलायला लागली. आता तिला शाळा सुटली की घरी जायचं नसतं.

धोरणात घरच्या भाषेबद्दल जे लिहिलंय ते हेच. पण या एका शब्दाला माझी अख्खी तासिका गेली. वर्गात ३८ मुलं आहेत. घरी मराठीशिवाय दुसरी भाषा बोलणारी त्यातली चौदा. धोरण म्हणतं एका शिक्षकामागे तीसपेक्षा कमी मुलं असावीत, आणि वंचित घरांतली मुलं जास्त असतील तिथे पंचविसापेक्षा कमी. माझी वस्ती या दुसऱ्या प्रकारातली आहे.

आणि आता हा गठ्ठा. समग्र प्रगतिपत्रकात मुलाने स्वतःबद्दल सांगायचं, सोबत्याने त्याच्याबद्दल सांगायचं, पालकांनी लिहायचं, मी लिहायचं. कल्पना उत्तम आहे. प्रामाणिकपणे भरायचं तर एका मुलाला वीस मिनिटं लागतात. ३८ मुलांचे साडेबारा तासांच्या वर होतात. हे तास शाळेच्या वेळापत्रकात कुठेच नाहीत. शिवाय मी बीएलओ आहे, म्हणजे मतदारयादीचं कामही माझ्याकडे आहे. शिवाय १ सप्टेंबरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मलाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, द्यायची आहे, कारण माझी नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीय. परीक्षा पुढच्याच महिन्यात आहे. एकीकडे बालमानसशास्त्राचं पुस्तक उघडं आहे आणि दुसरीकडे खऱ्या मुलांची पत्रकं कोरी पडलीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुमच्याकडे काय चाललंय? शाळा, कॉलेज, पालक, सगळ्यांनी लिहा.

---

मुळामुठा | २६ ऑक्टोबर, रात्री १०:३१

ताई, प्रसंग फार आवडला. मी आयटीत आहे, शिक्षणक्षेत्रातला नाही, म्हणून बाहेरच्याचा प्रश्न विचारतो. कुठलाही मोठा बदल करताना पहिली दोन-चार वर्षं ओढाताण होणारच. १९८६ नंतर थेट २०२० ला नवं धोरण आलं, मध्ये १९९२ ची दुरुस्ती तेवढी. सगळी पदं भरेपर्यंत थांबलो असतो तर अजून वीस वर्षं गेली असती. मग सुरुवात करायचीच नाही का?

---

पाटीपेन्सिल | २६ ऑक्टोबर, रात्री ११:०५

सुरुवात करायचीच. थांबा असं मी म्हणतच नाही. नवं काम आलं की जुनं एक काढून घ्या, एवढंच म्हणणं आहे. एकाच मुलाचं नाव, जन्मतारीख, आधार मी वेगवेगळ्या पोर्टलांवर परत परत भरते. आता अपार आयडी, म्हणजे प्रत्येक मुलाचा वेगळा ओळख क्रमांक, आला. उपक्रम झाला की फोटो काढून चढवायचा. कधी कधी उपक्रम दहा मिनिटांत उरकतो आणि फोटोत अर्धा तास जातो. या धोरणाला शिक्षकाचा वेळ हवाय, आणि त्या वेळेची तरतूद कोणीच केलेली नाही.

---

तासिका | सोमवार, २७ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

शेवटच्या वाक्याला अनुमोदन. मी पुण्यातल्या एका अनुदानित कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, अर्थशास्त्र शिकवतो. सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) झालोय, पीएचडी झालीय, नववं वर्ष चालू आहे.

आमच्याकडे पदव्युत्तर वर्गांना २०२३-२४ पासून आणि सगळ्या संलग्न कॉलेजांच्या पदवीला २०२४-२५ पासून नवी रचना आली. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पूर्वी बीएचा मुलगा ठरलेले विषय घ्यायचा. आता त्याला मुख्य विषय, गौण विषय, दुसऱ्या शाखेतला खुला ऐच्छिक विषय, कौशल्याचा कोर्स, भाषेचा कोर्स, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहशालेय असं सगळं मिळून श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, जमवायचे असतात. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. एक श्रेयांक म्हणजे थिअरीचे पंधरा तास.

कागदावर हे सुंदर आहे. वाणिज्यच्या मुलाला मानसशास्त्र शिकायला मिळावं, मलाही वाटतं. पण आमच्या कॉलेजात मानसशास्त्राला माणूसच नाही. म्हणून खुला ऐच्छिक विषय कोणता, तर ज्याच्याकडे तास मोकळे आहेत त्याचा. मुलं निवडत नाहीत, वेळापत्रक निवडतं. गेल्या वर्षी माझ्या खुल्या विषयाच्या वर्गात १७० मुलं होती, ती सभागृहात बसायची. अंतर्गत मूल्यमापन मात्र प्रत्येकाचं वेगळं करायचं.

सीएचबीचा अर्थ इथे नीट समजून घ्या. मी वर्गात उभा राहतो त्या तासाचे पैसे मिळतात. या धोरणातलं निम्मं काम वर्गाबाहेरचं आहे. प्रकल्प तपासणं, क्षेत्रभेट, मुलांना विषय निवडताना सल्ला देणं, त्यांचे श्रेयांक अकॅडमिक बँकेत, म्हणजे श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्यात, नीट चढलेत का ते पाहणं. त्या तासांना दर नाही. मी ते करतो, कारण मुलं माझ्यासमोर उभी असतात.

आता ऑन जॉब ट्रेनिंग. एमएच्या मुलाला चार श्रेयांकांची, म्हणजे १२० तासांची. पुण्यात कंपन्या खंडीभर आहेत हे खरं, पण एकाच हंगामात शेकडो कॉलेजांची मुलं त्याच दारांवर उभी राहतात. अर्थशास्त्राच्या मुलाला कोण घेणार? माझी दोन मुलं मार्केट यार्डात एका अडत्याकडे गेली. पहाटे चारला जायची, आवक लिहायची, कांद्याचा भाव कसा फुटतो ते समोर पाहायची. त्यांनी लिहिलेला अहवाल मी जपून ठेवलाय, असलं अर्थशास्त्र मी त्यांना वर्गात शिकवू शकलो नसतो. पण त्याच वर्गातल्या इतर कितीतरी मुलांनी ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का आणला आणि मला तो स्वीकारावा लागला. एका माणसाने इतक्या ठिकाणी जाऊन तपासायचं कसं?

---

कोथरूडकरीण | २७ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

अडत्याकडच्या मुलांचं वाचून बरं वाटलं.

@तासिका सर, ती "मध्येच बाहेर पडायची" सोय प्रत्यक्षात कोणी वापरतं का? माझी भाची एफवायला आहे, घरी सारखा तोच विषय असतो.

---

तासिका | २७ ऑक्टोबर, दुपारी ३:४८

वापरतात, आणि त्याचीच मला धास्ती आहे. नियम असा: एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोनानंतर पदविका, तीनानंतर पदवी. बाहेर पडताना कौशल्याचे चार श्रेयांक जादा करावे लागतात. तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची. शिक्षण तुटलेल्या मुलासाठी हा मोठा आधार आहे. पूर्वी एसवायला सोडलं तर हातात काहीच नसायचं.

पण माझ्याकडे इंदापूर तालुक्यातली एक मुलगी होती. वर्ष संपल्यावर घरचे म्हणाले, प्रमाणपत्र मिळतंय ना, मग पुरे झालं. पूर्वी "पदवी तरी होऊ दे" म्हणून ती घरच्यांना थोपवून धरू शकली असती. आता थांबायला एक अधिकृत जागा मिळाली. मी वडिलांना दोनदा फोन केला. ते तुटक बोलले नाहीत, पण ऐकलंही नाही. भाचीला सांगा, तीन वर्षं पूर्ण कर. बाहेर पडायचं दार अडचणीसाठी आहे.

---

डोंगरवाट | २७ ऑक्टोबर, रात्री ९:०२

मी जिल्हा परिषदेत शिक्षक, मग केंद्रप्रमुख, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाचा प्रमुख, होतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. वेल्हे, मुळशी, भोर हा माझा भाग.

पाटीपेन्सिलताई, तुमचा वेळेचा मुद्दा पैशाचाच मुद्दा आहे. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा, हे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने सांगितलं. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूरकडचे, आणि त्यांची संस्था पुढे इथेच कोथरूडला आली. १९६८ च्या धोरणात सहा टक्के आले, १९८६ च्या धोरणात आले, २०२० च्या धोरणात पुन्हा आले. अजून ते गाठलेले नाहीत. त्याच्याही आधी, १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. सारा शेतकरी भरतो आणि पैसा वरच्या शिक्षणावर जातो, प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, शिक्षक प्रशिक्षित नेमा आणि त्याला नीट पगार द्या, असं त्यांनी मागितलं. शिक्षकाच्या पगाराशिवाय प्राथमिक शिक्षणाची गोष्ट पुढे सरकत नाही, हे पुण्यातल्या माणसाने तेव्हाच लिहून दिलं होतं.

आता शाळासंकुलाबद्दल. आजूबाजूच्या शाळांनी ग्रंथालय, प्रयोगशाळा, कला-क्रीडा शिक्षक वाटून घ्यावेत, असं धोरणात आहे. आपल्याकडे केंद्रशाळा होत्याच, कल्पना नवी नाही. पण याला जोडून समूहशाळेचा, म्हणजे छोट्या शाळांची मुलं एका मोठ्या शाळेत आणण्याचा, विषय आला. राज्यात वीसच्या आत पट असलेल्या शाळा चौदा हजारांच्या वर आहेत. २०२३ मध्ये अशा शाळांसाठी समूहशाळेचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा नंदुरबारमधल्या तोरणमाळसोबत आपल्या पानशेतचं उदाहरण समोर ठेवलं होतं.

मी तो भाग पायी फिरलोय, म्हणून दोन्ही बाजू सांगतो. सहा-सात मुलांच्या शाळेत सहावी-सातवीचं पोरगं एकटं बसलेलं मी पाहिलंय. त्याला खेळायला जोडी नाही, वादाला सोबती नाही. त्याला मोठ्या शाळेत नेलंच पाहिजे. पण पहिलीचं मूल? श्रावणात त्या घाटात चार हातांवरचं दिसत नाही. एका वाडीत मी विचारलं होतं, गाडी आली तर पोरीला पाठवाल का? आजी म्हणाली, "गाडी जाईल, पण माघारी आली न्हाई तर सांगायला कोन येनार?" तिथे मोबाइलला रेंज नव्हती. चौथीपर्यंतची शाळा वाडीतच हवी, एक मूल असलं तरी. हे माझं ठाम मत आहे, खर्च कितीही येवो. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, निर्णयावर गावागावांत शिक्षक का पेटले, ते यावरून कळेल. पद गेलं की शाळा जाते.

---

मुळामुठा | २७ ऑक्टोबर, रात्री ९:५०

काका, आजीचं वाक्य वाचून थांबलो. वर मी जे "पदं भरेपर्यंत थांबायचं का" विचारलं, ते शहरात बसून विचारलं होतं. गाडी, रस्ता, रेंज ही धोरणाच्या बाहेरची खाती आहेत आणि त्यांच्यावाचून धोरण चालत नाही, हे डोक्यात आलंच नव्हतं.

---

कोथरूडकरीण | मंगळवार, २८ ऑक्टोबर, सकाळी ११:१०

भाषेबद्दल लिहायचं धाडस करते. माझा मुलगा इंग्रजी माध्यमात तिसरीत आहे. मी स्वतः मराठी माध्यमातली. धोरणात निदान पाचवीपर्यंत, शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा असं आहे, पण "शक्य असेल तिथे" हे दोन-तीन शब्द पुढे जोडलेत. मुलाच्या शाळेत त्याने काहीही बदललं नाही. आमच्या घरी काम करणाऱ्या मावशींनी मात्र पदरमोड करून नातवाला इंग्रजी शाळेत घातलं. मी त्यांना "मराठीत घाला" कुठल्या तोंडाने सांगू? माझ्याच मुलाला मी घातलेलं नाही. जवळच्या चांगल्या मराठी शाळांनी सेमी इंग्रजी सुरू केलंय, तिथे प्रवेशाला रांग असते. म्हणजे पालकांना मराठी नकोय असं नाही. पुढे अकरावीला पोरगं अडेल ही भीती आहे. ती भीती घालवायचं काम कोणी हातात घेतलेलं दिसत नाही.

आणि यंदाच्या हिंदीच्या गोंधळात शाळांना काय भोगावं लागलं, ते पाटीपेन्सिलताईंनी लिहावं.

---

पाटीपेन्सिल | २८ ऑक्टोबर, रात्री ८:३०

लिहिते. १६ एप्रिलला आदेश आला की पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य. विरोध झाला, अनिवार्य शब्दाला स्थगिती मिळाली. १६ जूनला शाळा उघडली. १७ जूनला सुधारित आदेश: हिंदी सर्वसाधारणपणे, आणि हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान वीस मुलं हवीत. २९ जूनला दोन्ही आदेश रद्द आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती. म्हणजे शाळेच्या पहिल्या पंधरवड्यात, जेव्हा मुलं दाराशी रडत असतात, तेव्हा पालक मला एकच विचारत होते, "बाई, हिंदी आहे का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. रद्द झाला हे मला योग्यच वाटतं. सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर तिसरी भाषा आणि तिसरं पुस्तक कशाला? माझी ती मुलगी तर मराठी हीच दुसरी भाषा म्हणून शिकतेय.

ताई, मावशींबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यासाठी आभार. असं मोकळेपणाने कोणी लिहीत नाही.

---

लेथवरचा | बुधवार, २९ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

व्यवसाय शिक्षणाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी शिरूर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये निदेशक, म्हणजे हाताचं काम शिकवणारा शिक्षक, होतो, आता चाकणला कामाला आहे.

सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिराकडे शिकायचं, असं धोरण म्हणतं. आमच्या पाबळला विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून हेच उभं केलं. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायची. वेल्डिंग, वायरिंग, माती तपासणं, गावातल्या बायकांचं हिमोग्लोबिन तपासणं. शिकवायला गावातलाच फिटर, गावातलाच शेतकरी. शाळेचं बाक मोडलं तर मुलंच जोडायची. गणितात मागं पडलेलं पोरगं अँगल कापताना मापात चुकत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे हे होतं का, असं कोणी विचारू नये. होतं.

अडतं कुठे, तर निदेशक प्रकल्पाच्या पैशावर असतो. प्रकल्पाची मुदत संपली की तो घरी. आमच्या शाळेतलं लेथ मी शेवटच्या दिवशी ग्रीस लावून गोणपाटात गुंडाळून आलो. चार वर्षं झाली. परवा गेलो होतो, अजून तसंच आहे. गोणपाटाच्या गाठी मी मारलेल्याच होत्या.

---

बालवाडीताई | २९ ऑक्टोबर, रात्री १०:१५

नमस्कार. मी इथे वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

धोरणात पायाभूत टप्पा पाच वर्षांचा. त्यातली पहिली तीन वर्षं आमची, बालवाडी-अंगणवाडीची. मला मानधन मिळतं, पगार नाही. अंगणवाड्या महिला व बालविकास खात्याकडे, पहिली-दुसरी शालेय शिक्षणाकडे. एकाच टप्प्याचे दोन तुकडे दोन खात्यांत. माझ्याकडचं मूल मे महिन्यात जातं आणि जूनमध्ये बाईंकडे नवं म्हणून उभं राहतं. ते तीन वर्षं कसं वाढलं, कशाला घाबरतं, कुठलं गाणं आवडतं, हे मला तोंडपाठ असतं. मला कोणी विचारत नाही. पाटीपेन्सिलताई, तुमची ती नीरु म्हणणारी मुलगी बालवाडीत गेली होती का? गेली असेल तर तिथल्या ताईला ठाऊक असणार की ती कन्नड बोलते. तीन आठवडे वाचले असते.

---

पाटीपेन्सिल | २९ ऑक्टोबर, रात्री १०:५२

ताई, ती गेली होती. आमच्याच आवारातल्या बालवाडीत, एक वर्ष. मधे फक्त भिंत आहे. मी कधी विचारायला गेले नाही, ही माझी चूक आहे. जूनमधला शाळापूर्व तयारीचा मेळावा आम्ही करतो, टेबलं मांडतो, मुलांना रिबिनी बांधतो, पण बालवाडीच्या ताईला पाहुणीसारखं बसवतो.

---

डोंगरवाट | गुरुवार, ३० ऑक्टोबर, सकाळी ८:२०

यासाठी कोणाच्या आदेशाची गरज नाही. वेल्ह्यात आम्ही मे महिन्यात अंगणवाडीताईला पहिलीच्या गुरुजींसमोर तासभर बसवायचो. एक वही, एका मुलाला एक पान. घरची भाषा, आजार, भावंडं, भीती. केंद्रातल्या अकरापैकी सात शाळांत ते टिकलं. चार शाळांत ताई बदलल्या आणि थांबलं.

---

पाटीपेन्सिल | ३० ऑक्टोबर, रात्री ९:१५

काका, वहीचे रकाने कळवा, मी तेच वापरते. आज दुपारी आमच्या बालवाडीच्या ताईंच्या घरी जाऊन आले. पुढच्या जूनला माझ्याकडे येणारी मुलं २६ आहेत. त्यांनी मला त्या सगळ्यांची नावं न बघता सांगितली. त्यातल्या नऊ जणांच्या घरी कन्नड, चौघांकडे बंजारा, दोघांकडे वडारी. शाळा उघडली की दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती मुलं तासभर माझ्या वर्गात येऊन बसतील असं आम्ही ठरवलंय. मुख्याध्यापिकांशी फोनवर बोलले, त्या हो म्हणाल्या. ताईंच्या त्या तासाचे पैसे कुठून द्यायचे, ते मात्र अजून सुटलेलं नाही. कोणाला काही वाट माहीत असेल तर इथेच लिहा.

प्रगतिपत्रकं अकरा राहिलीत.